कॉट फिरती राहावी

फाउलर कॉट घरात यायची म्हणजे आधी टीपॉय बाहेर जातो, मग सोफा भिंतीला सरकतो आणि टीव्हीचं तोंड फिरवलं जातं. पायथ्याशी दोन हँडल, एक डोकं उचलायला, एक गुडघे. दोन्ही बाजूंना कठडे. कोपऱ्यात सलाइनची दांडी खोवायला भोक. एवढी एक लोखंडी वस्तू आली की कोणी कुठे झोपायचं, आल्यागेल्याला कुठे बसवायचं, रात्री कोणता दिवा चालू ठेवायचा, हे सगळं तीच ठरवते. मग एक दिवस ती रिकामी होते. कधी रुग्ण उठून चालायला लागला म्हणून, बहुतेकदा रुग्ण गेला म्हणून. तेराव्यापर्यंत तिच्याकडे कोणी बघत नाही. चौदाव्याची निधनशांत आटोपते, मुंबईची मंडळी परतीची तिकिटं बघू लागतात, घराला कुलूप लागायचं असतं, आणि आमच्याकडे फोन येतो. "कॉट आहे हो आमच्याकडे. न्याल का?"

भंगारवाल्याने ती किलोवर नेली असती. पण ज्या कॉटवर आई वर्षभर होती ती तराजूत घालायला कोणाचं मन होत नाही. ती डोळ्यांसमोरही नको असते आणि वायाही जायला नको असते. या दोन इच्छांच्या मधोमध आमच्यासारखी केंद्रं उभी आहेत.

आमचं केंद्र चिपळुणात आहे. आधी बाजारपेठेलगत होतं. २२ जुलै २०२१च्या पुरात वाशिष्ठी नदीने ती जागा गिळली, तेव्हापासून उंचावरच्या एका जुन्या गोदामात आलो. महाराष्ट्रात अशी कामं पुष्कळ ठिकाणी चालतात. जनकल्याण समितीची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं अनेक गावांत आहेत. कुठे रोटरी किंवा लायन्स क्लब हे काम करतो, कुठे ज्येष्ठ नागरिक संघ, कुठे एखादं गणेशोत्सव मंडळ. पद्धत बहुतेक ठिकाणी सारखीच. डॉक्टरांची चिठ्ठी, ओळखीचा कागद, परत मिळणारं डिपॉझिट आणि महिन्याचं अगदी थोडं शुल्क. कॉट, व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, कमोड खुर्ची, एअर बेड, बॅकरेस्ट, सक्शन मशीन, ऑक्सिजनचं मशीन. गरज संपली की परत.

शाळेत मी विज्ञान शिकवत असे. निवृत्तीनंतर इथे येऊ लागले तेव्हा वाटलं होतं, पावत्या फाडायच्या आणि वही ठेवायची. खरं काम गोदामाच्या मागच्या खोलीत असतं, हे हळूहळू कळलं. वस्तू पुढच्या दाराने येते आणि पुढच्याच दाराने जाते. मधल्या काळात ती मागच्या खोलीत काय काय सोसते आणि तिथून काय होऊन बाहेर पडते, यावर सगळं अवलंबून असतं. देणाऱ्याने दिली म्हणून ती घेणाऱ्याच्या उपयोगाची झाली, असं होत नाही. ते उपयोगाचं करणं हे वेगळं काम आहे. त्याला हात लागतात, वेळ लागतो, पैसे लागतात, आणि त्याची पावती कोणी मागत नाही.

वॉकरचंच बघा. अॅल्युमिनियमची चौकट, चार पाय, प्रत्येक पायाला रबरी बूच. दान आलेला वॉकर वरून लखलखीत दिसतो. उलटा करून बघितला की चारपैकी एखादं बूच घासून आतली धातूची कड बाहेर आलेली असते. ती कड ओल्या फरशीवर टेकली की सटकते. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजी त्या वॉकरला धरून न्हाणीपर्यंत गेल्या की काय होईल, ते सांगायला नको. नवीन बुचाची किंमत चहा-वड्याएवढी. पण ते बूच बदलायचं कोणाच्या तरी लक्षात यावं लागतं. आमच्याकडे मोटार रिवाइंडिंगचं काम करणारे एक काका येतात. ते आधी वॉकर उलटाच करतात.

मग उंची. वॉकरच्या पायांना बटणं असतात, ती दाबून उंची कमीजास्त करता येते. माणूस सरळ उभा राहून हात सैल सोडतो तेव्हा मनगटाची रेषा जिथे येते, तिथे वॉकरची मूठ हवी. म्हणजे धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहतं आणि अंगाचा भार हातांवर नीट येतो. कुबडीचं वरचं टोक काखेच्या दोन-तीन बोटं खाली हवं आणि भार काखेवर न येता तळव्यावर यायला हवा. काखेतून हाताकडे जाणाऱ्या नसा तिथे असतात. महिनाभर कुबडी काखेत रुतवून चाललेल्या माणसाचा हात बधिर पडतो. कुबड्या न्यायला येतो तो बहुधा मुलगा किंवा पुतण्या असतो, आणि रुग्ण घरी असतो. म्हणून आम्ही आता रुग्णाची उंची विचारल्याशिवाय कुबड्या देत नाही, आणि कशी धरायची ते न्यायला आलेल्यालाच धरून दाखवायला लावतो. काहींना ते अवघड वाटतं, धट्टाकट्टा माणूस कुबडी घेऊन गोदामात चार पावलं टाकतो आणि लाजतो. पण घरी गेल्यावर तोच शिकवणार असतो.

कोकणात व्हीलचेअरची गोष्ट आणखी वेगळी. व्हीलचेअर बनते ती इस्पितळाच्या गुळगुळीत फरशीसाठी. आमच्याकडे वाडीपर्यंत डांबरी रस्ता आला तरी घर बहुधा पाखाडी उतरून असतं. जांभ्याच्या पायऱ्या, पावसाळ्यात शेवाळलेल्या. अंगण, ओटी, उंबरठा, माजघर, पुन्हा उंबरठा, आणि न्हाणीघर मागच्या पडवीत. पुढची चाकं लहान, घट्ट रबराची. ती चिऱ्यांच्या फटीत अडकतात. मुंबईहून कोणी प्रेमाने महागडी, पायाचे टेकू निघणारी, हातांनी ढकलता येणारी खुर्ची पाठवतं, आणि ती ओटीवर एका कोपऱ्यात उभी राहते. त्या घराला खरी गरज असते कमोड खुर्चीची. पडवीपर्यंत जाणं वाचलं तर रात्रीचं पडणं वाचतं. म्हणून व्हीलचेअर मागायला आलेल्या माणसाला आम्ही आधी घराचं वर्णन करायला सांगतो. पायऱ्या किती, दाराची रुंदी किती, संडास कुठे. तो चकित होतो. पण दहा मिनिटांच्या बोलण्यानंतर बरेचदा तो जे मागायला आला होता त्याहून वेगळंच घेऊन जातो, आणि ते वापरात येतं.

एअर बेडचा पंप मला सगळ्यांत आवडतो. गादीत हवेच्या नळ्या आडव्या असतात. पंप आळीपाळीने त्यांत हवा भरतो आणि काढतो, म्हणजे अंगाचा भार एकाच जागी राहत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडाला, टाचेला, खुब्याला दाबामुळे रक्त पोचत नाही, कातडी मरते, जखम होते आणि ती हाडापर्यंत जाऊ शकते. एअर बेडने धोका कमी होतो, पण दर दोन तासांनी कूस बदलणं सुटत नाही. दान आलेल्या एअर बेडमध्ये बहुधा एखादी नळी फुटलेली असते किंवा पंपाचा रबरी पडदा कडक झालेला असतो. नळी साबणाच्या पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचे, पंचर काढायचं, रात्रभर फुगवून ठेवायची. सकाळी कडक राहिली तरच ती बाहेर जाते. कॉटच्या गाद्यांचा स्पंज फाटलेला असला तर मात्र मोह टाळायचा. फाटलेल्या स्पंजात काय मुरलंय ते धुऊन निघत नाही. त्या गाद्या आम्ही देणाऱ्याच्या समोर नाकारतो. वाईट वाटतं, कारण त्याला वाटतं आपलं दुःखच नाकारलं. म्हणून समजावून सांगायला वेळ द्यावा लागतो. तो वेळ द्यायलाच हवा, असं माझं मत आहे.

कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरांचा ओघ सुरू झाला. २०२१च्या एप्रिल-मेमध्ये लोकांनी मिळेल त्या किमतीला ही यंत्रं घेतली होती. सोसायट्यांनी, कंपन्यांनी, परदेशातल्या मुलांनी. लाट ओसरली आणि ती कपाटांवर, जिन्याखाली, खोक्यांत गेली. पुढची तीनचार वर्षं ती आमच्याकडे येत राहिली. बहुतेकांची सील फोडलेली, पण जेमतेम वापरलेली. तास मोजणाऱ्या मीटरवर आकडा अगदी लहान. वाटायचं, सोनंच आलं.

इथे माझ्यातली विज्ञानशिक्षिका जागी झाली. हवेत साधारण ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन. या यंत्रात एक कॉम्प्रेसर हवा दाबून झिओलाइटच्या बारीक खड्यांनी भरलेल्या दोन नळकांड्यांतून आळीपाळीने सोडतो. झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवतो, ऑक्सिजन पुढे जातो. एक नळकांडं काम करत असताना दुसरं धरलेला नायट्रोजन बाहेर टाकतं. यंत्र ठरावीक वेळाने जो सुस्कारा टाकतं तो तोच. चांगल्या यंत्रातून ९० ते ९६ टक्के शुद्ध ऑक्सिजन मिळतो. आता अडचण अशी की झिओलाइटला नायट्रोजनपेक्षा पाण्याची ओढ जास्त. यंत्र महिनोन्‌महिने बंद राहिलं, आणि तेही कोकणच्या पावसाळ्यात, तर बाष्प आत शिरून खडे ओलावतात आणि नायट्रोजन धरायचं काम सोडतात. यंत्र सुरू होतं. आवाज येतो. प्रवाह दाखवणारी गोळी पाच लिटरच्या रेषेवर तरंगते. नळीतून हवा येते. फक्त त्या हवेत ऑक्सिजन पुरेसा नसतो. रुग्णाला आणि घरच्यांना वाटतं, मशीन चालू आहे, आता काळजी नाही.

म्हणून कॉन्सन्ट्रेटर दान म्हणून आला की त्याला आमच्याकडे आधी तासन्‌तास चालवतात आणि मग ऑक्सिजन अॅनलायझर लावून शुद्धता मोजतात. ८२ टक्क्यांच्या खाली असेल तर यंत्राने स्वतःच इशारा द्यायला हवा, पण सगळी यंत्रं देतात असं नाही. शुद्धता कमी भरणाऱ्या यंत्रांचे झिओलाइटचे डबे बदलावे लागतात आणि ते स्वस्त नाहीत. ज्यांचे डबे बदलणं परवडत नाही त्यांचे कॉम्प्रेसर, पंखे, चाकं काढून दुसऱ्यांना लावली जातात. आणि जी चांगली आहेत ती गोदामात ठेवली तरी दर पंधरवड्याला काही तास चालवली जातात. कोणी नसताना गोदामात चारपाच यंत्रं एकदम सुस्कारे टाकत असतात. मी तेव्हा वही लिहीत बसते.

दान आलं म्हणजे ते उपयोगाचं झालं असं नाही, जगभरचा अनुभव हेच सांगतो. डिसेंबर १९८८मध्ये आर्मेनियात भूकंप झाला, तेव्हा जगाने किमान ५००० टन औषधं आणि वैद्यकीय साहित्य पाठवलं. काय काय आलंय हे समजायलाच ५० माणसांना सहा महिने लागले. त्यातलं थोडंच लगेच ओळखता येण्याजोगं होतं, काही मुदतबाह्य, काही थंडीने गोठून निकामी. १९९२ ते १९९६ या काळात युद्धग्रस्त बोस्नियात आलेल्या औषधांतली अंदाजे १७,००० टन निरुपयोगी ठरली. ती नष्ट करायचा खर्च घायाळ देशावर पडला. या अनुभवांनंतर १९९६मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाची तत्त्वं ठरवून दिली. त्यातलं एक मला फार मोलाचं वाटतं: देणाऱ्या देशात जे वापरण्यायोग्य मानलं जात नाही ते दुसऱ्या देशाला दान म्हणून द्यायचं नाही. उपकरणांचंही तेच. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तुटपुंज्या साधनांच्या १६ देशांतली १ लाख १२ हजारांहून अधिक वैद्यकीय उपकरणं तपासली गेली. त्यातली ३८ टक्के बंद होती. कारणं साधी: वापरायला शिकवलेलं नाही, सुटे भाग नाहीत, वीज नीट नाही, दुरुस्त करणारा नाही. दान केलेल्या जुन्या चष्म्यांचा एका अभ्यासाने हिशेब मांडला, तर २७५ चष्म्यांपैकी ७ टक्केच कोणाला उपयोगी पडण्याजोगे निघाले. गोळा करणं, धुणं, नंबर तपासणं, पाठवणं असा खर्च धरला तर नवा तयार चष्मा स्वस्त पडला असता. मन दुखावणारा हिशेब आहे, पण खरा आहे. तो वाचल्यापासून जुने चष्मे द्यायला आलेल्यांना मी सांगते, त्यापेक्षा एका नव्या चष्म्याचे पैसे द्या.

औषधांबाबत आम्ही त्याहून कडक आहोत. उघडलेली बाटली, कापलेली पट्टी ज्यावर मुदतीची तारीख उरलेली नाही, फ्रिजबाहेर राहिलेलं इन्सुलिन, यांना दारातच नकार. काही वस्तू मात्र कितीही धुतल्या तरी दुसऱ्याला जाता कामा नयेत, हे आम्ही भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे. सिरिंज, सुई, लघवीची नळी, नाकातली नळी, नेब्युलायझरचा मास्क, ऑक्सिजनची नाकाला लावायची नळी. मशीन जुनं, नळी नवी. २००९मध्ये गुजरातेत मोडासा भागात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्या गेल्या आणि कावीळ ‘ब’च्या साथीत कित्येक माणसं गेली. तोही पुनर्वापरच होता. पुन्हा वापरावं की नाही, हा प्रश्न वस्तूगणिक वेगळा विचारावा लागतो. सगळ्याला एकच उत्तर देणारा माणूस या कामात धोकादायक.

आणि तरीही, जिथे नीट विचार करून, नीट तपासून पुन्हा वापर होतो, तिथे काय होऊ शकतं याचं उदाहरण आपल्याच मुंबईत आहे. पेसमेकर. अग्निसंस्काराआधी तो शरीरातून काढावाच लागतो, कारण त्याची लिथियम बॅटरी उष्णतेने फुटते. कितीतरी पेसमेकरांत तेव्हा वर्षानुवर्षांची बॅटरी शिल्लक असते. अमेरिकेतल्या काही अंत्यसंस्कार गृहांनी मृतांच्या कुटुंबांची संमती घेऊन असे १२१ पेसमेकर दिले. तपासणीनंतर त्यातल्या ५३ची बॅटरी पुरेशी निघाली. ते निर्जंतुक करून वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलात ५३ गरीब रुग्णांना बसवले गेले. संसर्ग नाही, यंत्र बंद पडणं नाही. बरेच रुग्ण घरी जाऊन कामाला लागले. हा अनुभव २०१२मध्ये हृदयरोगाच्या एका प्रतिष्ठित अमेरिकी नियतकालिकात छापून आला. त्याच वर्षी, याहून महाग असलेल्या, हृदयाला झटका देऊन जीव वाचवणाऱ्या यंत्रांचा अनुभवही आला: ८१ भारतीय रुग्णांना वापरलेली यंत्रं निर्जंतुक करून बसवली होती, आणि एकालाही संसर्ग झाला नाही. मिशिगन विद्यापीठाच्या चमूने पुढे जुन्या पेसमेकरची शिस्तीने चाचणी घेतली. सात देशांतल्या जवळजवळ ३०० रुग्णांवर ती झाली, आणि २०२४मध्ये त्यांनी सांगितलं की नीट तयार केलेला जुना पेसमेकर संसर्गाच्या बाबतीत नव्यापेक्षा मागे नाही.

मला त्या १२१ आणि ५३ या आकड्यांत फार अर्थ दिसतो. ६८ नाकारले गेले. त्या ६८ कुटुंबांनीही तितक्याच मनाने दिले होते. कोणीतरी प्रत्येकाची बॅटरी मोजली आणि ‘हा नाही’ म्हटलं, म्हणूनच ५३ माणसांच्या छातीत ते विश्वासाने बसवता आले. आमच्या गोदामात फाटलेली गादी परत करताना मला ते ६८ आठवतात.

माणसांच्या मनातल्या अडचणी वस्तूंच्या अडचणींपेक्षा कमी नाहीत. "याच्यावर कोणी गेलंय का हो?" हा प्रश्न दर आठवड्याला येतो. कधी सून विचारते, कधी रुग्ण स्वतः विचारायला लावतो. मी खोटं सांगत नाही. "या कॉटवर माणसं बरीही झालीत आणि गेलीही आहेत," एवढं सांगते. कोणी माघारी जातं. बहुतेक जण क्षणभर थांबतात आणि पावतीसाठी हात पुढे करतात. या भीतीला मी अंधश्रद्धा म्हणून झटकत नाही. आजारी माणसाला चांगलं काही दिसावं, असं घरच्यांना वाटतं, त्यात चूक काय?

त्यावरूनच एक बदल आम्ही केला. पूर्वी कॉटच्या डोक्याकडच्या पत्र्यावर लाल रंगात लिहिलं जायचं, ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. देणाऱ्यांची तशी इच्छा असते आणि ती मानलीच पाहिजे. पण एका घरी कॉट पोचवायला गेले होते तेव्हा रुग्ण काकांनी ती अक्षरं वाचली आणि तोंड फिरवलं. बोलले काहीच नाहीत. तेव्हापासून नाव कॉटच्या पायाकडच्या आडव्या पट्टीवर, आतल्या बाजूला येतं, आणि ‘कै.’ ऐवजी ‘अमुक कुटुंबीयांकडून’ असं. ज्यांचा ‘कै.’ साठी आग्रह असतो त्यांना मी विचारते, तुमच्या वडिलांना तशा कॉटवर झोपवलं असतंत का? मग कोणी आग्रह धरत नाही. नावं आमच्या वहीत पूर्ण लिहिलेली असतात, तारखेसकट, आणि वर्षातून एकदा त्यांच्या घरी पत्र जातं: तुमची कॉट यंदा कोणकोणत्या गावांत होती. रुग्णांची नावं नाही लिहीत, गावं लिहितो. अलोरे, पोफळी, मार्गताम्हाणे, सावर्डे. ते पत्र लोक जपून ठेवतात, असं मला कळलं आहे.

शुल्क का घेता, हा प्रश्नही येतो. सगळं फुकट द्या, असं म्हणणारे सज्जन पुष्कळ. माझं मत वेगळं आहे. डिपॉझिट असलं की वस्तू परत येते, आणि ती परत येणं हाच या कामाचा प्राण आहे. फुकट गेलेला वॉकर माळ्यावर जातो. ज्याला पुढे हवा आहे त्याच्यापर्यंत पोचत नाही. ज्याच्याकडे डिपॉझिटही नाही त्याच्यासाठी वेगळी पेटी आहे आणि तिच्याबद्दल चारचौघांत बोलायचं नाही, हा नियम आहे. दुसरं म्हणजे, इथे येणारे सगळेच गरीब नसतात. कॉट विकत घेऊ शकणारी माणसंही येतात, कारण चार महिन्यांसाठी घेऊन मग ठेवायची कुठे? त्यांच्याकडून येणारं भाडं बुचांना, पडद्यांना, झिओलाइटला जातं. कधीकधी वस्तू नेली त्यापेक्षा चांगली होऊन परत येते. एका रिक्षावाल्या दादांनी त्यांच्या वडिलांसाठी नेलेल्या व्हीलचेअरची गंजलेली बेअरिंगं स्वतः बदलून आणली आणि सीटला नवं रेक्झीन लावून आणलं. "आमच्यानंतर ज्यांना मिळेल त्यांना नीट मिळू दे," म्हणाले. त्यांना मी केंद्रात यायचं विचारलं. रविवारी येतात.

असे हात मिळणं, ही सगळ्यांत मोठी गरज आहे. वस्तू येतच राहतील. गणपतीला चाकरमानी आले की गाड्यांच्या टपावर कॉट बांधून आणतात, मुंबईतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये आता जागा नसलेली. कमतरता आहे ती उलटं करून बघणाऱ्यांची. पंप उघडू शकणाऱ्या, शिवण घालू शकणाऱ्या, घरी जाऊन उशी कुठे ठेवायची ते दाखवू शकणाऱ्या माणसांची. तालुक्याच्या आयटीआयची मुलं गेल्या वर्षापासून प्रॅक्टिकल म्हणून आमची यंत्रं उघडतात. सुरुवातीला शिक्षकांना पटवायला वेळ लागला, आता तेच मुलांना घेऊन येतात. एका मुलीने पंपाचा आवाज ऐकून कुठली झडप अडकली ते ओळखलं, तेव्हा मोटारवाल्या काकांनी आपला स्क्रूड्रायव्हर तिला देऊन टाकला.

आज टेबलावर पाच लिटरचा एक कॉन्सन्ट्रेटर चालू आहे. अॅनलायझरवर ९१ दिसतंय आणि सकाळपासून ते ९१वरच आहे. उद्या तो गुहागरच्या बाजूच्या एका वाडीत जायचा आहे. आयुष्यभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या एक मावशी आहेत, डॉक्टरांनी दिवसाचे सोळा तास ऑक्सिजन सांगितला आहे. त्यांचा मुलगा आत्ता समोर बसलाय. फिल्टर आठवड्याला धुवायचा, ह्युमिडिफायरच्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, मशीन भिंतीपासून हातभर लांब ठेवायचं, चूल पेटलेली असेल त्या खोलीत अजिबात ठेवायचं नाही, हे त्याने वहीत लिहून घेतलं आहे. विजेचा प्रश्न राहिलाय. मशीन तीनशे-साडेतीनशे वॅट खातं, आणि त्या वाडीत पावसाळ्यात लाईट गेली की कधीकधी दुसऱ्या दिवशी येते. घरचा इन्व्हर्टर एवढा वेळ पुरणार नाही. स्टॅबिलायझर आम्ही देऊ, पण सोबत एक भरलेला सिलिंडर असल्याशिवाय मशीन जाणार नाही, असं मी सांगितलंय. सिलिंडर परवा येईल. म्हणजे उद्याच्याऐवजी परवा. तो म्हणतो, आईला आजच हवंय. मोटारवाले काका खेर्डीला एका ओळखीच्या माणसाला फोन लावतायत, संध्याकाळपर्यंत सिलिंडर मिळतो का बघायला.